हप्त्यांच्या तारखांसाठी ४८ हजारांचा टॅब घ्यावा का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात विमा प्रतिनिधी आहे. साडेतीनशेच्या आसपास पॉलिसी आहेत, तारखा कागदी डायरीत लिहिते. गेल्या वर्षी काही हप्ते नजरेतून सुटले. पेनसह ४८,००० रुपयांचा टॅब १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावा का? करातही वाचेल, असं दुकानदार म्हणतो. कमिशन वर्षाला साडेचार लाख, बचत खात्यात ४०,००० आहेत.

उत्तर: ताई, आत्ता घेऊ नका.

डायरी बदलायचं तुम्ही मनावर घेतलंत, ते अगदी योग्य आहे. पॉलिसी बंद पडली की त्या घराचं संरक्षण जातं आणि तुमचं पुढचं कमिशनही. पण या कामाचं यंत्र तुमच्याकडे आधीच आहे. १९९६ मध्ये पाम कंपनीचा 'पायलट' हा तळहातावर मावणारा संगणक आला, तेव्हा त्यावर कामाची बटणं चारच होती: तारखा, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं. या चारही गोष्टी आज तुमच्या फोनमध्ये फुकट आहेत.

फोनच्या कॅलेंडरमध्ये अशी नोंद करा: 'पाटील, ७७३२, सहामाही, ६,१४०'. दर सहा महिन्यांनी पुन्हा, सूचना दहा दिवस आधी. दुसरी नोंद ग्रेस, म्हणजे तारीख उलटल्यावर हप्ता भरायची सवलतीची मुदत, संपायच्या पाच दिवस आधीची. मासिक हप्त्याला ग्रेस १५ दिवसांचा, तिमाही-सहामाही-वार्षिकला ३० दिवसांचा, हे तुम्हाला पाठच असेल. रोज दहा पॉलिसींच्या नोंदी केल्यात तर सव्वा महिन्यात डायरी फोनमध्ये येईल. एवढं बसून करणं जमलं नाही, तर टॅबवरही जमणार नाही.

आता पैशांचं. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच. तेवढी सूट किमतीत आधी देतात आणि बँक ते हप्त्यातून घेते. १६ टक्के दर धरला तर ४,००० च्या १२ हप्त्यांत साधारण ३,९०० रुपये व्याज बसतं. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सातशेच्या आसपास, तुमच्या खिशातून. वर प्रोसेसिंग फी. रक्कम मोठी नाही, मला काळजी वेगळी वाटते. तुमचं कमिशन दर महिन्याला सारखं येत नाही आणि हाताशी जेमतेम महिनाभराचा खर्च आहे. त्यावर वर्षभर ४,००० चं ओझं नको. हेच ४,००० आवर्ती ठेवीत टाका, निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत.

करबचतीचं तर मनातून काढूनच टाका. संगणकावर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, हे खरं. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य आहे. तुम्हाला कर लागतच नसेल, तर वाचणार काय?

टॅबची एक बाजू मात्र मला पटते. वयस्कर ग्राहकाला लाभाचा तक्ता दाखवायला फोनचा पडदा अपुरा पडतो. मार्चची धावपळ फोनवर पार पडू द्या. नंतरही गरज वाटली तर १५-१८ हजारांचा दहा इंची टॅब रोखीने घ्या, पेनाशिवाय चालेल.

तोवर फोनला पासवर्ड हवा, कॅलेंडरचा बॅकअप सुरू हवा आणि ग्राहकांच्या आधार-पॅनचे फोटो काम झालं की गॅलरीतून काढून टाकायचे. जुनी डायरी पहिलं वर्षभर जवळ ठेवा, दर महिन्याच्या १ तारखेला दोन्ही ताडून बघा.