बे एके बे का?

लाडक्या सोनू,

पाढे म्हणताना तू विचारलंस, "दोन एके दोन का नाही म्हणायचं? हे बे कुठून आलं?" त्याचं अर्धं उत्तर तुझ्या बायसिकलच्या नावातच आहे, म्हणून नीट लिहून देते.

संस्कृतात दोनला 'द्वि'. आता 'द्व' मोठ्याने म्हणून बघ. आधी जीभ दाताला लागते आणि लगेच ओठ जवळ येतात. बोलण्याच्या ओघात लोकांनी यातलं एकच काहीतरी ठेवलं. दोन, दुसरा, दुप्पट यांत द राहिला. बे, बारा, बावीस, बत्तीस यांत द गळाला आणि व चा ब झाला. गुजरातीत तर आजही दोनला 'बे'च म्हणतात.

तिकडे लॅटिन बोलणाऱ्या रोमन लोकांच्या तोंडीही अगदी हेच झालं! त्यांचाही जुना 'द्वि' झिजून 'बि' झाला. तोच बायसिकल, बायसेप्स अशा शब्दांतून इंग्रजीत आला. आपण त्यांच्याकडून बे घेतला नाही, त्यांनीही आपल्याकडून नाही. मूळ मात्र एकच. इंग्रजीचा स्वतःचा 'टू' त्याच घरातला. त्याच्या स्पेलिंगमधला मुका डब्ल्यू म्हणजे तो जुना व. ट्विन आणि ट्वेल्व्हमध्ये तो अजून ऐकू येतो.

आता पाढा पुढे म्हण. 'बे त्रिक सहा'मधला त्रिक आणि ट्रायअँगलचा ट्राय एकच. 'पंचे' म्हणजे पेंटॅगॉनमधला ग्रीक पेंटा. आठ, म्हणजे अष्ट, ऑक्टोपसमध्ये आहे.

सातची गोष्ट मला फार आवडते. सप्त आणि लॅटिन सेप्टेम सख्खे वाटतात, पण ग्रीक आणि फारसीत सुरुवातीच्या स चा ह झाला. म्हणून सात बाजूंचा तो हेप्टॅगॉन, आणि फारसीत सात म्हणजे हफ्त. आपला 'हप्ता' तिथूनच आला. त्याचा मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स या ब्रिटिश न्यायाधीश आणि भाषा-अभ्यासकाने 1786 साली कलकत्त्यात एका भाषणात मांडलं होतं.

आणि सप्टेंबरमध्ये सात असूनही तो नववा महिना का, हे तू विचारणारच. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. तिथून मोज, डिसेंबरही बरोबर दहावा येतो.

तुझी,
आई