हिमोग्लोबिनच्या आकड्यावर थांबू नका, तुमचीही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) लगेच करा

बायकोला थॅलेसेमिया मायनर (म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं, स्वतःला सहसा त्रास नसतो), गरोदरपणाचा आठवा आठवडा, आणि तुमचं हिमोग्लोबिन १३.८ म्हणून ‘नवऱ्याची तपासणी नको’ असं सांगितलं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि पोटात गोळाच आला. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं.

माझा ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनरमध्ये तो वाढलेला असतो) ५.२ टक्के आला होता. रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या बाईंनी नवऱ्याचा जुना सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) घेतला, हिमोग्लोबिन १३.६ वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “यांचं उत्तम आहे, निर्धास्त राहा.” त्याच कागदावर खाली तांबड्या पेशी ६४ लाख आणि एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार, ६५ छापलेलं होतं. पेशी भरपूर, पण आकाराने बारीक. मायनरमध्ये हेच चित्र दिसतं. त्यांनी पाहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अठराव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांच्या ते लक्षात आलं, नवऱ्याचीही एचपीएलसी केली आणि तोही मायनर निघाला. मग गर्भजलाची तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंत मी धड झोपले नाही. बाळ मायनर आहे, म्हणजे ठणठणीत आहे. पण ती दहा आठवड्यांची दिरंगाई मला अजून विसरता येत नाही.

तुमच्या हातात वेळ आहे. बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, पण दोघंही मायनर असाल तर त्याआधी दोघांच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे हे डीएनए तपासणीत शोधावं लागतं, आणि त्यातही दिवस जातात. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तर बाळाला मेजर (दोन्ही पालकांकडून दोष आलेला गंभीर प्रकार) होण्याची भीती जवळजवळ संपलीच. एचपीएलसीत सिकलसेल किंवा हिमोग्लोबिन ई हे हिमोग्लोबिनचे दुसरे आनुवंशिक दोषसुद्धा कळतात. मायनरसोबत त्यांची जोडी जमली तर तेही त्रासाचं असतं. अलीकडे रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी, नव्याने. “पहिलं बरं झालं, आता काळजी नाही” असं आमच्या घरातही म्हणत होते. ते साफ चूक आहे. आणि ‘हे कुणाच्या घरातून आलं’ हा विषय कुणाला काढूच देऊ नका. बायको आधीच घाबरलेली असते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेणं मला पटत नाही. मी घेतल्या, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं नाही. उलट खरोखर लोह कमी असेल तर ए-टू थोडा खाली येतो आणि मायनर लपून राहू शकतो, तेव्हा रिपोर्ट काठावरचा आला तर फेरिटिनसह पुन्हा विचारा.

बायकोच्या सख्ख्या भावंडांनाही कळवा, लग्न व्हायचं असेल तर आधीच. माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी केली, तीही मायनर आहे.