प्रश्न: मला एंग्झायटी आहे. ऑस्ट्रेलियातला जीपी (फॅमिली डॉक्टर) मधुमेहाला करतात तसा क्रॉनिक प्लॅन, म्हणजे जुनाट आजाराच्या उपचारांचा आराखडा, यासाठी करून देईल का?

नुसती एंग्झायटी असेल तर तुमचा कागद वेगळा: मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन. वर्षाला सायकॉलॉजिस्टच्या 10 सेशनवर मेडिकेअरची (सरकारी आरोग्य विमा) रिबेट, म्हणजे फीचा काही भाग परत. आधी 6, मग जीपीला पुन्हा भेटून उरलेली 4. सोबत दमा, मधुमेह असं काही जुनाट असेल तर क्रॉनिक प्लॅनही होतो (1 जुलै 2025 पासून त्याचं नाव-नियम बदललेत), त्यात अलाइड हेल्थच्या (फिजिओ, डाएटिशियन वगैरे) वर्षाला 5 भेटी. दोन्ही एकाच वेळी चालतात. रिसेप्शनवर "एकच मिळेल" म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

मला दमा आणि एंग्झायटी दोन्ही आहे. मेलबर्नला आल्यावर माझ्या क्लिनिकने दोन प्लॅन केले, पण एकातलं दुसऱ्याला ठाऊक नाही. दम्याच्या कागदावर: धाप लागली की निळा पंप. दुसऱ्यावर: धाप लागली की सावकाश श्वास सोडा. मध्यरात्री छाती आवळल्यावर कुठला कागद वाचायचा? मी पंप घ्यायचे. त्यातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. त्या धडधडीला घाबरून पुन्हा पंप!

हे लक्षात आलं क्लिनिकच्या नर्सच्या. रिव्ह्यूला तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि जीपीकडून एक ओळ घालून घेतली: आधी पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी) फुंकायचा. आकडा नेहमीइतका आला तर श्वासाचा व्यायाम, घसरला असेल तर पंप. बस, एवढंच. माझ्या रात्री सुधारल्या त्या या ओळीने.

आमचे भावोजी पुण्यात एमडी आहेत. त्यांचं म्हणणं, "वहिनी, दम्याला प्लॅन ठीक, मनाला कसला? स्वतःला कायमचं पेशंट करून घेताय." बीपीवाल्याला हेच भावोजी ठरल्या तारखेला परत बोलावतात. एंग्झायटीवाल्याला मात्र गोळी (रोजची अँटिडिप्रेसंट) आणि "टेन्शन घेऊ नका". मग तो बरं वाटताच गोळी एकदम बंद करतो आणि चक्कर, झिणझिण्या घेऊन परत येतो. बरं वाटल्यावरही ती साधारण 6 ते 12 महिने चालू ठेवून हळूहळू कमी करायची असते. त्यासाठी तारीख धरून बोलवायला कुणी नको? माझ्या प्लॅनमध्ये तारीख होती. वाचत असाल तर बघा, भावोजी.

हां, पीक फ्लोची ओळ माझ्यासाठी लिहिलेली आहे, डॉक्टरला विचारल्याशिवाय उचलू नका. बोलता येत नाही इतकी धाप असेल तर मीटर शोधत बसू नका. पंप घ्या आणि 000 (इमर्जन्सी नंबर) लावा. बरेच सायकॉलॉजिस्ट रिबेटच्या वर गॅप (खिशातून भरायची उरलेली रक्कम) घेतात, फी आधी विचारा. आणि हे सगळं मेडिकेअर कार्ड असलेल्यांसाठी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना यातलं काही मिळत नाही.