मोठ्या कंपन्यांचे साहेब लोक दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डावर (संचालक मंडळावर) बसून नक्की करतात काय?

तुम्ही विचारलंय की हे लोक मीटिंगला येऊन फी घेऊन जातात की खरंच काही काम करतात. दोन्ही होतं, आणि दोन्ही एकाच कंपनीत बघायचं असेल तर हैदराबादची आयटी कंपनी सत्यम बघा.

२००८ साली सत्यमच्या बोर्डावर हार्वर्डचे प्रोफेसर होते, आयएसबी या हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे डीन होते, इंटेलच्या पेंटियम चिपवाले विनोद धाम होते, एक माजी कॅबिनेट सेक्रेटरी पण. एवढी मोठी माणसं असून १६ डिसेंबरला या बोर्डाने सत्यमचे संस्थापक-चेअरमन रामलिंग राजू यांच्या घरच्याच दोन मेटास कंपन्या (बांधकाम आणि जमिनीच्या धंद्यातल्या) १.६ अब्ज डॉलरला घ्यायला होकार दिला, गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासांत ते मागे घ्यावं लागलं. आणि ७ जानेवारी २००९ ला राजूंनी स्वतःच लिहून दिलं की हिशोबाच्या पुस्तकात रोख आणि बँकेत म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी नाहीतच! बँकेतल्या पैशाबद्दल बोर्डावर कुणी नीट खोदून विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मग सरकारने जुनं बोर्ड काढलं आणि नवीन नेमलं, त्यात पहिल्या तिघांत घरकर्ज देणाऱ्या एचडीएफसीचे दीपक पारेख, सोबत किरण कर्णिक आणि सी. अच्युतन, नंतर आणखी तिघे आले. पारेख इंग्लंडमधून सीए झालेले, चेस मॅनहॅटनची नोकरी सोडून १९७८ ला काका एच. टी. पारेख यांच्या एचडीएफसीत कमी पगारावर आले, तेव्हा कंपनी जेमतेम वर्षाची आणि पगारदार माणसाने कर्ज काढून घर घ्यायचं हे लोकांना पटायचंच नाही. १९९३ ला चेअरमन झाले. म्हणजे तीस वर्षं कुणाला पैसे द्यायचे आणि ते परत येतील का हेच बघत आलेला माणूस, आणि माझ्या मते सत्यमला नेमकं तेच हवं होतं, कारण पन्नासेक हजार लोकांचा पगार द्यायचा होता आणि हिशोबाच्या एका आकड्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती.

या बोर्डाने बँकांकडून कर्ज उभं केलं, हिशोब परत तपासायला दुसऱ्या फर्म लावल्या, सीईओ म्हणून बाहेरचा कुणी न आणता आतल्याच ए. एस. मूर्तींना बसवलं, कस्टमर पळून जाऊ नयेत म्हणून धडपड केली. विक्री करताना कुणी बोट दाखवू नये म्हणून माजी सरन्यायाधीश भरुचांच्या देखरेखीखाली बोली मागवली. १३ एप्रिलला टेक महिंद्राची शेअरमागे ५८ रुपयांची बोली लागली, एल अँड टी ४५.९० वर मागे राहिली. तीन महिन्यांत! आपल्याकडे सोसायटीचा ऑडिटर बदलायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता नियमाने एका माणसाला सातपेक्षा जास्त लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांवर डायरेक्टर राहता येत नाही. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर असतील तिचा वार्षिक अहवाल उघडा, त्यात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग असतो, कोण किती मीटिंगला हजर होतं आणि अजून किती बोर्डांवर आहे हे तिथे नावानिशी छापलेलं असतं.