साडी नेसली की वय उतरतं, हा म्हातारचळ समजायचा का?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काका ६७ वर्षांचे. बँकेतून निवृत्त, डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. गेली दोन वर्षं काकू भजनाला गेल्या की दुपारी दार लावून ते साडी नेसतात. त्यांचे शब्द असे: "नेसली की पंचविशीतला होतो. गुडघे कुरकुरत नाहीत. सोडली की स्वतःचीच लाज वाटते. हा म्हातारचळ लागलाय का मला?"

असा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणारा माणूस पहिल्या भेटीत बहुधा झोपेबद्दल किंवा छातीतल्या धडधडीबद्दल बोलतो. साडीचा विषय उठता उठता निघतो. त्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे पहिल्यांदा कधी झालं?

काकांचं उत्तर गुहागरकडच्या त्यांच्या गावात निघालं. विशीत ते नमन या कोकणातल्या लोकनाट्यात, गवळणीच्या भागात, राधा व्हायचे. कोकणात नमन-खेळ्यांत आणि दशावतारात बाईचं काम पुरुषानं करायची रीत जुनी आहे, त्यामुळे गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्न ठरलं तसं घरच्यांनी "आता पुरे" म्हणून सांगितलं आणि घुंगरू खुंटीला लागले. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट निवृत्तीनंतर रिकामी दुपार मिळताच वर आली.

हे इतकं खोदून विचारण्याला कारण आहे. साठीनंतर ही ओढ अचानक, पूर्वी कधीच नसताना सुरू झाली आणि तिच्यासोबत भरमसाट खरेदी, जुगार, चारचौघांत भलतं बोलणं, आंघोळीचा कंटाळा किंवा तीन-चार तासांवर आलेली झोप दिसली, तर मेंदूविकारतज्ज्ञाला किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणसाचा स्वतःवरचा आवर सुटतो. पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनीही काहींमध्ये अनावर इच्छा जागतात. मात्र अशी गोळी मनानं बंद करू नये, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. काकांमध्ये यातलं काहीच नव्हतं. बँकेचं पासबुक, औषधांचे डबे, रोजचं फिरणं सगळं जागच्या जागी होतं.

मग हा आजार का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली. दुसऱ्या लिंगाचा मानला जाणारा पोशाख करण्याबद्दलची जुनी निदानं तिच्यातून काढून टाकली आहेत. भारतातला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही सांगतो की समाजाच्या नीतिकल्पनांशी न जुळणं एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. "हे सोडवून देतो" म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नयेत.

तरुण वाटण्याचं म्हणाल, तर त्यात भ्रम नाही. काकांना वहीत तीन आकडे लिहायला सांगितले: नेसण्याआधी मन दहापैकी किती, तासाभरानं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी किती. दोन आठवड्यांची वही बोलकी होती. आधी ४, तासानं ८, सकाळी ३. आठापर्यंत नेणाऱ्या गोष्टीही वहीत उतरल्या होत्या: गरम पाण्याची आंघोळ, दाढी, रेडिओ, आरशासमोर ताठ उभं राहणं, निऱ्या घेताना बोटांना मिळालेलं काम. शिवाय त्या दोन तासांत ते कुणाचे साहेब नव्हते की घरातले कर्ते नव्हते. शरीराकडे, डॉक्टरांचा विषय सोडून, त्यांनी प्रेमानं पाहिलं ते एवढ्याच वेळात. सकाळचे ३ मात्र साडीचे नव्हते, चोरीचे होते. दोनदा त्यांनी सगळं बोचक्यात बांधून खाडीत टाकलं होतं आणि तीन महिन्यांत पुन्हा हजारोंची खरेदी केली होती. हे चक्र फार जणांचं असतं. टाकावंसं वाटलं तर बोचकं बांधून महिनाभर माळ्यावर ठेवा, निर्णय महिन्यानंतर घ्या, एवढंच त्यांना सांगितलं.

आता शरीराचं. या वयात खरा धोका पडण्याचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सहावारीचा घोळ पायात येतो. निऱ्या खोचायला वाकून झटकन उठलं की रक्तदाबाच्या गोळीमुळे डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून भिंतीला टेकवलेली खुर्ची जवळ हवी, पैंजण बसूनच घालायचे, काठ घोट्याच्या वर राहिला पाहिजे आणि उंच टाचा पूर्ण बंद. काकांना सवयीची होती ती नऊवारीच सोयीची ठरली. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि परकराची नाडीही लागत नाही. ती नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली तर कमरेला काळा वळ पडतो, खाज सुटते, जखमही होते. सहावारीच नेसायची असेल तर नाडीऐवजी दोन इंच रुंद पट्टा शिवून घ्यावा.

तयार ब्लाउज पुरुषाला मुंढ्यात आणि पाठीत उसवतो, छातीचं माप बरोबर असलं तरी. खांदे आणि दंड रुंद असतात. काखेत कळी घालून, छातीवर दोन इंच सैल आणि शिलाईत भरपूर माया ठेवून शिवला की हात वर जातो. पोट आवळणारे पट्टे हर्निया किंवा आम्लपित्त असलेल्यांनी वापरू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पिना कमी लावाव्यात, हातापायांचे केस वस्तऱ्यानं न काढता ट्रिमरनं काढावेत. मधुमेह असेल तर काचेच्या बांगड्या दाबून चढवू नयेत, साबणाचा हात लावून मोठ्या मापाच्या घालाव्यात. पायात घट्ट चपला नकोत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर डोळ्यांचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत काजळ नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. अंग मऊ व्हावं म्हणून मेडिकलमधून बायकांच्या संप्रेरकाच्या किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आणून खाऊ नका. त्यानं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं.

काकू तिसऱ्या भेटीला आल्या. काकांना वाटत होतं की त्यांना काही ठाऊक नाही. काकूंना सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. "माझी घडी चौकोनी असते. कपाटातली जांभळी साडी लांबट घडीत होती." त्यांचे प्रश्न दोनच होते: ह्यांना पुरुष आवडतात का, आणि हे आता बाई होणार का? पोशाख, मनातली ओळख आणि कुणाबद्दल आकर्षण वाटतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी कळत नाही. म्हणून काकांनाच विचारलं, साडी सोडताना काय वाटतं? "पाहुण्याच्या घरून परत आल्यासारखं," ते म्हणाले. कुणाला त्या क्षणी आपण पुन्हा खोट्या अंगात शिरतोय असं वाटतं. मग ओळखीचा प्रश्न सावकाश, घाई न करता उलगडावा लागतो. काकांचं तसं नव्हतं.

काकूंना पटावंच असा आग्रह धरला नाही. धरूही नये, कारण गुपित सांभाळायचं ओझं त्यांच्यावर न विचारता पडलेलं असतं. ठरलं ते असं: काकूंच्या साड्यांना, विशेषतः लग्नातल्या शालूला, हात लावायचा नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. महिन्याला हजार रुपयांवर खर्च नाही. पाहायचं की नाही हे काकू ठरवणार. चेहरा दिसेल असा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, कारण अशा फोटोंवरून पैसे उकळणारे असतात. तसं झालंच तर एक रुपयाही न देता संदेश जपून ठेवायचे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करायची. मन फार खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दोघांनीही लिहून घेतला.

दीड महिन्यानं वहीतला सकाळचा आकडा ६ वर आला. मुलीला सांगायचं की नाही, हे दोघांनी दिवाळीनंतरवर टाकलं आहे. कपाटाची दुसरी किल्ली मात्र काकूंनी मागून घेतली. पुढच्या खेपेला नऊवारीची घडी त्यांनीच चौकोनी करून ठेवली होती.