ॲक्सेस पॉइंटची ‘वर्गणी’ की ‘मुदतीचा परवाना’?

प्रश्न असा आहे: कार्यालयीन वायफायच्या दरपत्रकात ॲक्सेस पॉइंटच्या (वायफायचे सिग्नल देणाऱ्या डबीच्या) किमतीखाली ‘सबस्क्रिप्शन लायसन्स, ३ वर्षे’ अशी वेगळी ओळ असते. मराठी टिपणीत तिला ‘वर्गणी’ म्हणावे का?

सरसकट म्हणू नये. वर्गणी म्हटले की मासिक आठवते. वर्गणी भरली नाही तर पुढचे अंक येत नाहीत, पण आलेले अंक कपाटातच राहतात. सिस्को कंपनीच्या मेराकी या वायफाय उपकरणांच्या को-टर्मिनेशन पद्धतीत (सगळ्या उपकरणांचा परवाना एकाच तारखेला संपतो ती पद्धत) तसे होत नाही. मुदत उलटल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नूतनीकरण झाले नाही तर पूर्ण किंमत मोजून छताला बसवलेला ॲक्सेस पॉइंटही वायफाय देणे थांबवतो. डबी तुमचीच असते, ती चालवायची परवानगी संपलेली असते. म्हणून इथे ‘मुदतीचा परवाना’ हाच नेमका शब्द. ‘भाडे’ही बसत नाही, कारण भाड्याची वस्तू शेवटी परत करायची असते आणि तिची किंमत आधी भरलेली नसते.

मुदत संपल्यावर फक्त क्लाउडवरचे नियंत्रण, अपडेट आणि तांत्रिक मदत बंद होत असेल आणि उपकरण शेवटच्या सेटिंगवर चालू राहणार असेल, तर ‘वर्गणी’ खुशाल लिहा. शब्द ठरवण्याआधी विक्रेत्याला एवढेच विचारा: मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काय काय बंद पडते?

‘को-टर्मिनेशन’ला ‘सामाईक मुदत’ म्हणावे. सगळ्या उपकरणांची मुदत एकाच तारखेला संपते आणि ती तारीख सरासरीने ठरते, हे ‘सामाईक’मध्ये नीट येते. समजा एकाच मॉडेलचे २० ॲक्सेस पॉइंट आहेत आणि ७३० दिवस उरले आहेत, म्हणजे १४,६०० उपकरण-दिवस. त्यात १ वर्षाच्या परवान्याचे ५ नग जोडले की १,८२५ दिवसांची भर पडते. एकूण १६,४२५ भागिले २५, म्हणजे ६५७ दिवस. जुन्या वीस नगांची तारीखही ७३ दिवस अलीकडे आली! टिपणीत ‘५ नगांची भर’ एवढेच लिहिले, तर पुढच्या अंदाजपत्रकात नूतनीकरणाचा खर्च चुकीच्या वर्षात धरला जातो.

आणखी एक गल्लत ‘मुदतवाढ’ आणि ‘नूतनीकरण’ यांची. मुदतवाढ म्हणजे जुन्याच अटींवर तारीख पुढे ढकलणे. वाचणारा दर तोच धरतो. नूतनीकरण त्या दिवशीच्या दराने होते, आणि खर्चाची वाढ नेमकी तिथे डोके वर काढते. दर बांधून घेतला असेल तरच ‘मुदतवाढ’ लिहावे, आणि तो दर, नग व वर्षे त्याच ओळीत द्यावीत.