विचारा ताईला : पाळणाघर बघायचं तर दुपारी जा

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात ऑफिस जॉइन करायचंय. दोन पाळणाघरं बघितली. एक चकाचक, एसी, सीसीटीव्ही, मोबाईलवर लाइव्ह दिसतं. दुसरं एका काकूंच्या घरातच, सात-आठ मुलं. चकाचकवाल्यांकडच्या मावशी म्हणाल्या आम्ही बाळांना पालथंच झोपवतो, गॅस होत नाही आणि दोन-दोन तास उठत नाहीत. सासूबाईंनाही ते पटलंय, शिवाय त्या म्हणतात मोहरीची उशी सोबत दे, डोकं गोल राहतं. काय बघून ठरवू?
– एक आई, ठाणे

उत्तर : अगं, आधी झोपेचं बघू, कारण बाकीचं मागाहून जमवता येईल पण यात तडजोड नाही. वर्षाखालचं बाळ झोपवायचं ते उताणंच, दुपारी पण आणि रात्री पण. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं हे मावशींचं म्हणणं खरं आहे, पण भीती त्याचीच आहे ना, नाक गादीत दबलं तर इतकं गाढ झोपलेलं बाळ जागं होऊन मान वळवेलच असं नाही. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना पाठीवर झोपवा म्हणून मोठी मोहीम काढली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं, कुठलं औषध नाही की मशीन नाही. त्यात घरी उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला दुसऱ्याच कुणीतरी पालथं घातलं तर धोका आणखी वाढतो, म्हणजे नवीन पाळणाघरात पहिल्या दिवसापासून हे सांगून ठेवायला हवं. तोंडी नको, लिहून दे.

मोहरीची उशी नको, कुठलीच उशी नको. जाड गोधडी, दुपटं तोंडापर्यंत, शेजारी टेडी, काहीच नको. कडक सपाट गादी आणि वर चादर घट्ट खोचलेली, बास. सासूबाईंना सांग की डोक्याच्या आकारासाठी दिवसा जागी असताना पालथं घालायचं, समोर कुणीतरी बसलेलं असताना, ते काम त्यांच्याकडेच दे, आवडीने करतील. पुढे ती आपली आपण दोन्हीकडे वळायला लागली की झोपवताना उताणं झोपवायचं, मग वळली तर वळू दे.

आता कुठलं निवडायचं. सकाळी अकराला गेलीस तर सगळं छानच दिसणार, मुलं खेळतायत, मॅडम दारात हसतायत. दुपारी दीड ते तीनच्या मधे न सांगता जा. मुलं झोपलेली असतात, अर्ध्या मावश्या जेवायला बसलेल्या असतात, एखादी फोनवर असते, आणि बाळांच्या खोलीत कोण आहे हे तेव्हाच कळतं. खोलीत पडदे लावून मिट्ट अंधार केला असेल तर बाळाच्या ओठांचा रंग दिसतो का ते बघ. बाटली उशीला टेकवून तोंडात देऊन ठेवलेली दिसली तर तिथूनच परत फिर, दूध घशात अडकलं तर बघायला कुणी नसतं. आत जाऊ द्यायला कां-कूं केलं तरी उत्तर मिळालंच म्हणायचं.

मग डोकी मोज, मुलांची आणि मोठ्यांची. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक माणूस असं आहे. मला विचारशील तर अगदी लहान बाळांसाठी हे फारच कमी आहे, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक म्हणतात. शॉर्टसर्किट होऊन धूर झाला तर एक बाई किती बाळं उचलून जिना उतरेल एवढाच विचार कर.

सीसीटीव्ही असू दे, पण त्यावर विसंबू नकोस. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, तो तिथल्याच कॅमेऱ्यातला होता. आणि हो, तुझ्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं 2017 पासून कंपनीला बंधनकारक आहे, दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही आहे. एचआरला विचार, स्वतःहून कुणी सांगत नाही.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा आहे. बॅगेत पॅरासिटामॉल ठेवतो, ताप आला तर पाळणाघरातल्या ताई देतात. सर्दीचं सिरपपण ठेवू का?
– एक बाबा, पुणे

उत्तर : सर्दी-खोकल्याचं सिरप अजिबात नको. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत.

पॅरासिटामॉलचंही जपून. बाजारात ड्रॉप्स मिळतात त्यात 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, आणि साध्या सिरपात 5 मिलीत 120. म्हणजे मावशींनी सिरपाच्या हिशोबाने 5 मिली मोजलं आणि हातातली बाटली ड्रॉप्सची निघाली तर चौपटीहून जास्त औषध पोटात गेलं. डॉक्टरांनी वजनावरून दिलेला डोस मिलीमध्ये कागदावर लिहा, बाटलीवर मुलाचं नाव टाका, आणि देण्याआधी तुम्हाला फोन आलाच पाहिजे असं ठरवा. सकाळी घरून डोस दिला असेल तर तेही सांगायचं, ताप लपवून मूल सोडून जाणारे आईबाबा भरपूर आहेत (तुम्ही नसाल, पण आहेत).

प्रश्न : मी घरातच पाळणाघर चालवते, नऊ मुलं आहेत. डब्यात आईबाबा शेंगदाणे, द्राक्षं काहीही देतात. नाही म्हटलं तर रागावतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रागावू देत. शेंगदाणे, फुटाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, कच्च्या गाजराच्या चकत्या लहान मुलांना नकोतच, शेंगदाणा हवाच तर कूट करून. द्राक्षं उभी चिरून, चार भाग करून. वर्षाखाली मध चाटवायचा नाही, आजी काही म्हणोत. खाताना मुलं खाली बसलेली पाहिजेत, पळत-पळत घास नाही.

घास अडकून बाळाला रडता-खोकता येत नसेल तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. वर्षाखालचं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबायचं, निघेपर्यंत असंच, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगायचं. हे वाचून येत नाही, एकदा डॉक्टरांकडून बाहुलीवर शिकून घ्या, मदतनीस मावशींनापण न्या. नऊ मुलांना एकट्या सांभाळत असाल तर मात्र आधी मदतनीस ठेवा, डब्याचं नंतर बघू. आणि बाथरूममधली भरलेली बादली रिकामी करून दाराला वरून कडी लावा, रांगणारं मूल बोटभर पाण्यातही बुडतं.